आयझॅक डेव्हिसच्या घरामागचं मैदान

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्या शाळेच्या पुस्तकात चहाच्या पेट्या समुद्रात पडायच्या आणि पुढच्याच परिच्छेदात जॉर्ज वॉशिंग्टन जिंकलेला असायचा. मधल्या हिवाळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मला मात्र त्या सगळ्या प्रकरणात तो हिवाळाच सगळ्यात जास्त आवडतो. १७७४चा नोव्हेंबर ते १७७५चा एप्रिल.

चहा बुडाला डिसेंबर १७७३मध्ये. त्याची शिक्षा म्हणून बॉस्टनचं बंदर बंद झालं, आणि जनरल गेज गव्हर्नर म्हणून येऊन बसला. १ सप्टेंबर १७७४ला त्याने बॉस्टनजवळच्या एका कोठारातली बंदुकीची दारू पहाटे गुपचूप उचलून नेली. (दारू म्हणजे ठासायची, प्यायची नव्हे. पिण्याच्या दारूवर गदा आली असती तर युद्ध सहा महिने आधीच पेटलं असतं!) गावोगाव अफवा पसरली की गोळीबार झाला, माणसं मेली. हजारो लोक हत्यारं घेऊन केंब्रिजकडे निघाले. अफवा खोटी निघाली, सगळे घरी परतले. पण दोन्ही बाजूंना कळायचं ते कळलं. त्या शरद ऋतूत प्रांतिक काँग्रेसने ठरवलं की गावच्या फौजेतली साधारण चौथाई माणसं निराळी काढायची. इशारा येताच घराबाहेर पडतील अशी. हेच ते मिनिटमेन.

काँकॉर्डच्या शेजारी अ‍ॅक्टन नावाचं गाव आहे. तिथल्या मिनिटमेनचा कॅप्टन होता आयझॅक डेव्हिस. वय तीस, धंदा बंदुका बनवण्याचा. याने काय केलं, तर आपल्या घरामागेच नेमबाजीचं मैदान तयार केलं आणि नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा आपल्या माणसांना तिथे बोलवायला सुरुवात केली. शेतकरी, मजूर, गावातले कारागीर. बहुतेक सगळे एकमेकांचे शेजारी नाहीतर नातेवाईक. शिवाय स्वतः कारागीर असल्याने त्याने सगळ्यांच्या बंदुकांना संगिनी बसवल्या. बाकीच्या बऱ्याच गावांकडे त्या नव्हत्या. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या माणसांना बंदूक काय नवी? शिकार तर करतच असतील. पण ही चकमकीची, पुढून ठासायची बंदूक. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू कानाजवळच्या खोबणीत टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी, मग गज काढून ठासायचं, गज परत जागेवर, खांद्याला लावायची, मग चाप. सराव असलेला माणूस हे मिनिटात तीनदा करतो. नसलेला माणूस घाबरला की गज नळीतच विसरतो आणि गोळीबरोबर तोही उडवून देतो. आणि हे सगळं न्यू इंग्लंडच्या थंडीत, उघड्या बोटांनी! नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे गोळी कुठे जाईल ते देवच जाणे. म्हणजे डेव्हिसच्या मैदानावर जे घडत होतं त्यात नेम हा एक भाग. मोठा भाग होता हातांना सवय लावण्याचा, आणि शेजारचा माणूस काय करेल याची खात्री पटण्याचा. (याच घराण्यातल्या बंदुका घेऊन कंपनीच्या पलटणी १८०३ साली असईला शिंद्यांसमोर उभ्या होत्या. असो. तो विषय निराळा.)

हे मी पुस्तकात पूर्वीच वाचलं होतं, पण अंगात भिनलं ते गेल्या डिसेंबरात. इथे प्रोजेक्ट अ‍ॅपलसीड म्हणून एक उपक्रम आहे. २००६ साली सुरू झाला. देशभर ठिकठिकाणी रायफल चालवायला शिकवतात आणि जेवणाच्या सुट्टीत १९ एप्रिल १७७५ची गोष्ट सांगतात. शिकवणारे सगळे बिनपगारी. न्यू हँपशरमधल्या एका रेंजवर मी गेलो होतो. (पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "बंदूक? तू? अरे, तुला फटाक्यांचा त्रास व्हायचा ना?" आत्या, कानाला मोठे मफ लावतात, काळजी नसावी.)

उणे चार तापमान. गोठलेल्या जमिनीवर सतरंजीएवढी चटई, तिच्यावर पालथं पडायचं. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टूने पाच गोळ्या मारल्या होत्या, तेवढंच भांडवल. पहिला तास सुरक्षेतच गेला. नळी कायम पुढे, चापावर बोट नाही, हुकूम आल्याशिवाय बंदुकीला हात नाही. मग पट्टा दंडाला कसा आवळायचा, कोपर कुठे, श्वास सोडून मधल्या निवांत क्षणी चाप कसा हळू दाबायचा. त्यातली एक गोष्ट फार आवडली. नेम धरायचा, डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि डोळे उघडायचे. माशी टार्गेटवरून सरकलेली असेल तर हात वळवायचे नाहीत, सगळं अंगच हलवून घ्यायचं. स्नायूंच्या जोरावर धरलेला नेम दुसऱ्या गोळीला टिकत नाही म्हणे.

दुपारपर्यंत बोटं लाकडासारखी झाली. श्वासाची वाफ भिंगावर बसायची आणि टार्गेट नाहीसं व्हायचं. मिशा पिकलेले एक आजोबा शिक्षक होते. ते प्रत्येक फेरीनंतर माझ्या चटईशेजारी गुडघे टेकून बसायचे, न रागावता तेच तेच सांगायचे. गुडघे टेकताना त्यांना त्रास होत होता, ते दिसत होतं. शेवटच्या परीक्षेत चाळीस गोळ्या, अडीचशे गुण. दोनशे दहा मिळाले तर तुम्ही 'रायफलमन'. मला एकशे बेचाळीस!

जेवणाच्या सुट्टीत थर्मासमधलं सूप पीत ती गोष्ट ऐकली. सांगणारी बाई रंगून सांगत होती, आणि सांगण्याचा सूर असा की नेमबाज शेतकऱ्यांनी जगातल्या सर्वोत्तम फौजेला टिपून काढलं. इथे माझं जरा अडलं. एक तर मॅसॅच्युसेट्सच्या त्या शेतकऱ्यांकडे रायफली जवळजवळ नव्हत्याच. नळीत पिळाच्या खाचा असलेली रायफल पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियाकडची, आणि काँग्रेसने रायफलवाल्यांच्या दहा तुकड्या उभारायचं ठरवलं ते १७७५च्या जून महिन्यात. दुसरं म्हणजे टिपून वगैरे कुणी काढलं नाही. त्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा मिळून साडेतीन हजारांहून जास्त माणसं तासन् तास गोळ्या झाडत होती. ब्रिटिशांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून २७३. हिशेब करून पाहा.

पण काँकॉर्डच्या उत्तरेकडच्या पुलावर, सकाळी साडेनऊच्या सुमारास, निराळं घडलं. गावाच्या दिशेने धूर दिसला. शिपाई तोफांचे गाडे जाळत होते, टेकडीवरच्या चारेकशे मिलिशियावाल्यांना वाटलं गावच पेटवलं. पुलाकडे उतरायचं ठरलं. आघाडीला कोण? ज्यांच्याकडे संगिनी आहेत ते, म्हणजे अ‍ॅक्टनवाले. हुकूम असा की समोरून गोळी आल्याखेरीज झाडायची नाही. हे लोक शिस्तीत, रांगेने उतरत गेले. समोरच्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचंच नवल वाटलं. मग पलीकडून गोळ्या आल्या, आणि पहिल्या काहींतली एक आयझॅक डेव्हिसच्या छातीत बसली. तो जागीच गेला. त्याच्याच तुकडीतला अ‍ॅब्नर हॉस्मरही. त्यावर इकडून जी फैर झाली तिच्यात पुलावरच्या आठ इंग्रज अधिकाऱ्यांपैकी चार जखमी झाले, आणि लालडगलेवाले मागे वळून पळाले. दोन-तीन मिनिटांचा मामला.

म्हणजे घरामागच्या मैदानावरचा हिवाळा वाया गेला नव्हता. पण त्याच हिवाळ्याने त्याला रांगेत सगळ्यात पुढे आणून उभं केलं, हेही तितकंच खरं. संगिनी नसत्या तर दुसरंच कुठलं गाव पुढे असतं. हे ती बाई म्हणाली नाही. तिच्या गोष्टीत ते बसलंही नसतं.

डेव्हिसची बायको हॅना पुढे साठ वर्षांनी, १८३५ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी जबानी देऊन गेली आहे. त्या पहाटे घरात चार मुलं, चारही आजारी, धाकटं सव्वा वर्षाचं. अंगणात तुकडी जमतेय, कुणी काडतुसं वळतंय, काहींनी तर केसांना पावडर लावलेली. नवरा फारसं बोलला नाही. निघताना मागे वळला, काही सांगायचं असावं असं तिला वाटलं. मुलांना सांभाळ एवढंच म्हणाला आणि दिसेनासा झाला. दुपारी त्याला घरी आणलं आणि तिच्याच खोलीत ठेवलं. चेहरा फारसा बदलला नव्हता, असंही ती सांगते.

अ‍ॅक्टनचा आणखी एक माणूस त्या दिवशी गेला, जेम्स हेवर्ड. हा शाळामास्तर. कुऱ्हाड लागून पायाची बोटं गेलेली, म्हणून त्याला फौजेतून सूट होती. तरी आला, आणि दुपारपर्यंत लंगडत पाठलाग करत लेक्सिंग्टनपर्यंत पोचला. पाणी प्यायला एका विहिरीशी गेला तर घरातून एक इंग्रज शिपाई बाहेर आला. दोघांनी एकदमच गोळी झाडली. शिपाई जागच्या जागी, हेवर्ड काही तासांनी. मरताना त्याने वडिलांना सांगितलं म्हणतात, की निघालो तेव्हा चाळीस गोळ्या होत्या, आता बघा किती उरल्यात.

ती गोळी त्याच्या कमरेच्या शिंगातून, म्हणजे दारू ठेवायच्या शिंगातून, आरपार गेली होती. ते शिंग अ‍ॅक्टनच्या वाचनालयात आहे. भोक चांगलं बोट जाईल एवढं आहे.