आर्ट बॅबिट : कृतज्ञता आणि न्याय

गूफीला धडपडताना पाहून आपण सगळेच कधी ना कधी हसलो आहोत. पण तो असा का धडपडतो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. एका माणसाला पडला. त्याचं नाव आर्ट बॅबिट. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

बॅबिटचा जन्म १९०७ सालचा, अमेरिकेतल्या ओमाहा गावचा. न्यूयॉर्कमध्ये टेरीटून्सकडे काम करून १९३२ साली तो डिस्नेच्या स्टुडिओत आला. तेव्हाची व्यंगचित्रं म्हणजे रबरासारखी ताणली जाणारी चित्रं. बॅबिटला वाटलं, आपल्याला मुळात चित्रकलाच नीट येत नाही. म्हणून त्याने स्वतःच्या घरी मॉडेल बसवून सहकाऱ्यांना रेखाटनासाठी बोलावलं. वॉल्ट डिस्नेंना हे कळलं, तेव्हा त्यांनी ते वर्ग स्टुडिओतच भरवले, शिकवायला डॉन ग्रॅहम यांना आणलं आणि खर्चही उचलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३४ साली बॅबिटने गूफीच्या स्वभावाचं टिपणच लिहून काढलं. हा भोळा आहे, आशावादी आहे, दुसऱ्याला मदत करायला धावतो आणि त्यातच गोंधळ घालतो. आता बघा, इथे विनोद पडण्यात राहत नाही, पडणाऱ्याच्या मनात जातो. पात्र आधी विचार करतं, मग हलतं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०. एवढ्या चौकटींतून एकच स्वभाव टिकवायचा! 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी, 'पिनोकियो'मधला म्हातारा जेपेटो, 'फँटेशिया'तल्या नाचणाऱ्या अळंब्या, हे सगळं त्याच्या हातचं.

आता खरा मुद्दा. 'पिनोकियो' आणि 'फँटेशिया' दोन्ही १९४० चे. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद, त्यामुळे स्टुडिओ तोट्यात. आत पगारांत प्रचंड तफावत. बॅबिट वरच्या पगारदारांपैकी, त्याला स्वतःला काहीच कमी नव्हतं. तो स्टुडिओच्या अंतर्गत संघटनेचा प्रमुखही होता. पण ही संघटना मालकाच्याच सोयीची आहे, हे त्याला उमगलं आणि तो स्क्रीन कार्टूनिस्ट्स गिल्डच्या बाजूने उभा राहिला. मे १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. २९ मे रोजी संप सुरू झाला. अखेर सरकारी मध्यस्थी झाली आणि स्टुडिओला गिल्ड मान्य करावी लागली.

डिस्नेंची बाजू नाही का? आहे. ज्या माणसाने तुमच्या शिक्षणाचा खर्च केला, त्याच्याच दारात तुम्ही फलक घेऊन उभे राहता? त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक घोटाळा दिसतो. कृतज्ञता हे माझं देणं आहे, ते मी माझ्या खिशातून फेडावं. माझ्या सहायकाचा हक्क सोडून देऊन मी माझी कृतज्ञता कशी फेडणार? तो हक्क माझा नाहीच! स्वतःचं ताट भरलेलं असताना शेजारच्या ताटाकडे पाहणं, हे बॅबिटने केलं.

किंमतही मोजली. दाद मागून तो जिंकला, मध्यंतरी युद्धात मरीन दलात गेला, परत आल्यावर स्टुडिओला त्याला घ्यावं लागलं. पण कायदा खुर्ची मिळवून देतो, आपलेपणा नाही. लवकरच तो बाहेर पडला. पुढे यूपीए स्टुडिओत 'रूटी टूट टूट' (१९५१) मध्ये त्याने अगदी वेगळ्या, सपाट शैलीत काम केलं. १९७३ साली लंडनला रिचर्ड विल्यम्स यांच्या स्टुडिओत तरुणांना शिकवलं. १९९२ साली तो गेला.

आपल्याकडेही याच परंपरेचा एक धागा आला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. विद्या अशी हातातून हातात जाते.

म्हणून शेवटी एवढंच. बॅबिट आपल्या चित्रातल्या पात्राला विचारायचा, तू हे का करतोस? १९४१ साली तोच प्रश्न त्याने स्वतःला विचारला. आपणही आपल्या नोकरीच्या जागी, आपल्या संस्थेत, तो एकदा विचारून पाहावा.