दगडालाही टाकी लागते

घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत दुपारच्या वेळी टाकीवालीची हाक ऐकू येई. छिन्नी-हातोडीने ती गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाके घाली आणि पाटा पुन्हा मसाला वाटू लागे. सत्तरच्या दशकापासून घरोघरी मिक्सर आले, हाक थांबली. झिजलेला दगड टाकायचा नसतो, त्याची निगा राखायची असते, हेही आपण विसरलो.

सुताराचा धार लावायचा दगडही झिजतो, पण त्याची गरज उलटी. पाट्याला खरखरीतपणा हवा, याला सपाटपणा. दगड मध्यभागी खोलगट झाला, की त्यावर लावलेली पटाशीची धार सरळ येत नाही. जुनी रीत म्हणजे सपाट फरशीवर वाळू-पाणी टाकून दगड घासणे. १९५४ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. पुढे हिऱ्याची कणी स्वस्त झाली आणि ती निकेलच्या थरात बसवलेल्या पोलादी पट्ट्या आल्या. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, पाणी घालून पट्टी फिरवायची. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या, की दगड सपाट झाला.

साधन बदलले, काम टाकीवालीचेच राहिले. घरातला खोलगट दगड फेकण्यापूर्वी तिची आठवण ठेवावी.