एकदा सिझर झालं, आता पुढे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आजचा विषय तसा घरातला आहे. पण त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर, आपल्या वर्धा जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या. घरातल्या सुनेचं पहिलं बाळंतपण सिझरनं झालेलं असतं. दोन-तीन वर्षं जातात, पुन्हा दिवस राहतात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापासून ओसरीवर चर्चा सुरू होते. 'मागच्या खेपेला सिझर झालं, आता बी तेच करा लागन काय?' सासू म्हणते, माझी पाचही बाळंतपणं घरी झाली, दाईच्या हातानं. नवरा म्हणतो, धोका नको, तारीख घेऊन टाकू. शेजारीण शेवटचा शब्द टाकते, 'एकदा सिझर म्हणजे कायमच सिझर!' जिच्या पोटावर ते टाके आहेत, ती मात्र चुलीपाशी बसून ऐकत असते. तिला विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

शेजारणीच्या तोंडी आलेलं ते वाक्य आपल्या गावात जन्मलेलं नाही. ते कुठून आलं आणि त्याचा मूळ अर्थ काय होता, हे आज पाहायचं आहे. कारण त्या एका वाक्यावर आजही कित्येक बाळंतपणांचा निर्णय होतो.

रोमचा ज्यूलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून हे नाव पडलं, असं आपण ऐकत आलो. ते पटण्यासारखं नाही. त्याची आई ऑरेलिया पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि त्या काळात ही शस्त्रक्रिया केली जाई ती मरण पावलेल्या गर्भवतीवर, पोटातलं मूल वाचावं म्हणून. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही तेच सांगितलं आहे. गर्भिणी दगावली आणि कुशीत हालचाल दिसत असली, तर वैद्यानं तत्काळ पोट उघडून मूल बाहेर काढावं. म्हणजे पोट फाडणं हे आईच्या मरणानंतरचं काम होतं. पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात भूल आली, तरी आई वाचणं दुर्मीळच होतं. पोट शिवलं जाई. पण गर्भाशयाची जखम तशीच उघडी सोडत. रक्तस्राव होई, जंतू शिरत. १८७६ साली इटलीतल्या पाव्हिया इथे एदुआर्दो पोरो या शल्यविशारदानं यावर एक कठोर उपाय काढला. मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकायचं. आई वाचू लागली. पण तिला पुन्हा दिवस जाणार नव्हते. त्यानंतर सहा वर्षांनी, १८८२ साली, जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स सेंगर यानं गर्भाशयाची जखम चांदीच्या तारेनं आणि रेशमाच्या धाग्यानं नीट शिवण्याची पद्धत मांडली. गर्भाशय राहिलं, आई राहिली आणि इतिहासात पहिल्यांदाच आपल्या ओसरीवरचा प्रश्न बऱ्याच बायांपुढे उभा राहू लागला. शिवलेली पिशवी पुढच्या वेळी कळा सोसेल का?

आता ते वाक्य. १९१६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. एडविन क्रॅगिन यांनी एका व्याख्यानात ते उच्चारलं. पण संदर्भ पाहा. ते डॉक्टरांना बजावत होते, की पहिलं सिझर उठसूट करू नका, कारण त्याची छाया त्या बाईच्या पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडते. नियमाला पुष्कळ अपवाद आहेत, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. त्यांच्याच एका रुग्ण स्त्रीला सिझरनंतर तीन मुलं विनासायास झाली होती. पुढे लोकांच्या लक्षात फक्त ते एक ठसकेबाज वाक्य राहिलं. पहिलं सिझर टाळावं म्हणून दिलेला इशारा दुसरं सिझर करावंच असा हुकूम होऊन बसला.

क्रॅगिन यांच्या भीतीला त्या काळी आधार होता. तेव्हा गर्भाशयाला उभी चीर देत, वरच्या जाड स्नायूत. हाच भाग कळांच्या वेळी जोरानं आकुंचन पावतो. तिथला व्रण पुढच्या वेळी फाटण्याचा धोका १०० मागे ४ ते ९ इतका मानला जातो. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात खालच्या पातळ भागात आडवी चीर देण्याचा आग्रह धरला. हा भाग कळा देत नाही, नुसता ताणला जातो. व्रणही चांगला भरतो. हळूहळू जगभर हीच पद्धत रूढ झाली. अशा व्रणानंतर कळा येऊ दिल्या, तर गर्भाशय फाटण्याची शक्यता साधारण २०० बायांत एक इतकी येते. काही पाहण्यांत ती याहून थोडी जास्त आढळली आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटावरच्या कातडीची चीर आडवी दिसली, म्हणजे आतल्या पिशवीचीही आडवीच असेल असं नाही. ते कळतं ते मागच्या रुग्णालयाच्या कागदावरून.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. १९४० साली त्या गावाचं सेवाग्राम झालं. त्यांच्यासोबत असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी तिथे गावकऱ्यांना औषधपाणी देण्याचं काम केलं. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९४५ साली सेवाग्रामात अवघ्या १५ खाटांचं रुग्णालय सुरू झालं, तेही खास स्त्रिया आणि मुलांसाठी. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच्या जोडीला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली.

त्या काळी खेड्यातलं बाळंतपण घरी, दाईच्या हातानं होई. बहुतेक वेळा सुखरूपही होई. पण मूल आडवं आलं किंवा कटिभाग अरुंद निघाला, की दोन-दोन दिवस कळा चालत. मग बैलगाडी निघे. काळ्या मातीचे रस्ते, श्रावणात नाल्याला पूर. व्रण नसलेलं गर्भाशयही अशा अडलेल्या बाळंतपणात फाटे. तिथे सिझर हेच जीवदान होतं, हे विसरून चालणार नाही. सेवाग्रामच्या प्रसूती विभागातल्या डॉ. शकुंतला छाबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मध्य भारतात गर्भाशय फाटण्याचं घटलेलं प्रमाण हा होता. यातली गंमत अशी, की ज्या शस्त्रक्रियेनं अडलेल्या बाईची पिशवी फाटण्यापासून वाचवली, तिनंच पिशवीवर व्रण ठेवून पुढच्या वेळेसाठी दुसरा धोका मागे ठेवला.

वेळेवर पोहोचणं ही पैशाचीही बाब असते. सेवाग्राम परिसरातल्या गावांनी डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं त्यासाठी एक निराळा मार्ग काढला होता. सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या ज्वारीवर गावाचा आरोग्य विमा चालायचा. पुढे २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम. सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा मोफत झालं. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९४.७ टक्क्यांवर गेला.

त्याबरोबर सिझरही वाढलं. महाराष्ट्रात २०१५-१६ साली १०० बाळंतपणांत २० सिझर होती, २०१९-२१ मध्ये ती २५ झाली. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ टक्के, तर खासगीत ४७ टक्के आढळलं. आज ज्या चार बाया बाळंत होतात, त्यांपैकी एकीपुढे पुढच्या खेपेला हा प्रश्न येणार आहे.

जगात या प्रश्नाचा लंबक दोन्हीकडे झुलला. १९८० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेनं सांगितलं, की सिझरनंतर योनिमार्गे बाळंतपण पुष्कळ बायांना शक्य आणि सुरक्षित आहे. १९८५ साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीनं तेच म्हटलं. मात्र एक अट घातली. तातडीची शस्त्रक्रिया करण्याची सोय जिथे असेल, तिथेच. अमेरिकेत १९९६ पर्यंत सिझर झालेल्या सुमारे २८ टक्के बाया पुढच्या खेपेला नैसर्गिकरीत्या बाळंत होऊ लागल्या. मग उत्साह अटीच्या पुढे धावला. काही ठिकाणी अपघात झाले, दावे झाले. २००१ साली एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की व्रण असलेल्या गर्भाशयाला प्रोस्टाग्लँडिन औषधांनी कळा आणल्या, तर ते फाटण्याचा धोका हजारी २४ वर जातो. कळा आपणहून आल्या तर तो हजारी ५ असतो. रुग्णालयांनी दार लावून घेतलं आणि दहा वर्षांच्या आत प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आलं. २०१० साली तिथल्याच परिषदेनं पुन्हा सांगितलं, की दार असं सरसकट बंद करू नका.

मग घरच्या ओसरीवर काय तोलायचं?

एका पारड्यात हे. मागची चीर खालची आणि आडवी असेल, मूल डोक्याकडून असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर कळा येऊ दिलेल्या १०० बायांपैकी ६० ते ८० नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. आधी एखादं साधं बाळंतपण झालेलं असेल, तर आशा आणखी वाढते. मागचं सिझर मूल पायाळू होतं म्हणून झालं असेल, तर ते कारण दर वेळी उद्भवत नाही. बाई लवकर उठते, कापूस वेचायला नसली तरी घरच्या कामाला लवकर लागते.

दुसऱ्या पारड्यात तो २०० मधला एक. तो आला, तर काही मिनिटांचा खेळ असतो. बाळाचा जीव जाऊ शकतो, आईचाही. शिवाय १०० मधल्या २० ते ४० जणींना कळा सोसून शेवटी सिझर करावंच लागतं, आणि असं ऐनवेळचं सिझर ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त जोखमीचं असतं.

म्हणून ठरवून सिझर करणं हाही भित्रेपणा नव्हे. पण त्याचाही हिशेब पुढे नेऊन पाहावा लागतो. प्रत्येक सिझरनंतर वार व्रणावर चिकटण्याचा, स्नायूत रुतण्याचा धोका वाढतो. एका सिझरनंतर वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आली, तर ती रुतलेली असण्याची शक्यता १०० मध्ये ११ असते. दोन सिझरनंतर ती ४० होते. 'दोनच मुलं' ठरवलेल्या घराचा आणि तिसऱ्याची वाट पाहणाऱ्या घराचा हिशेब इथे वेगळा होतो.

आणि तिसरी गोष्ट अंतराची. जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) ही तिन्ही मोठी ठिकाणं वर्धा शहराभोवती एकवटली आहेत. कारंजा किंवा आष्टीच्या टोकाच्या गावाहून ती साठ किलोमीटरहून लांब पडतात. सासूबाईंचा अनुभव खरा आहे. पण त्यांच्या पिशवीवर व्रण नव्हता. सिझर झालेल्या बाईनं घरी कळा काढत बसू नये. नैसर्गिक बाळंतपणाची इच्छा असेल, तर दिवस भरत आल्यावर रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावं. रक्त आणि रात्रीची भूल यांची सोय आहे का, हे आधीच विचारून घ्यावं. दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षांचं अंतर असावं; ते फार कमी असलं की व्रण कच्चा राहतो.

शेवटचा मुद्दा सहीचा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. एका स्त्रीवर ती भुलेत असताना तिच्या आईच्या संमतीनं मोठी शस्त्रक्रिया झाली होती. जीव धोक्यात नसताना सज्ञान बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. खटला बाळंतपणाचा नव्हता. पण आपल्या ओसरीला तो लागू आहे. नवऱ्यानं, सासूनं, शेजारणीनं मत जरूर द्यावं. दोन्ही वाटांचे धोके डॉक्टरांकडून समजून घेऊन हो किंवा नाही म्हणायचं ते मात्र तिनं.

त्यासाठी तिच्या हाती एक कागद हवा. मागच्या रुग्णालयातून घरी येताना मिळालेलं कार्ड, ज्यावर सिझर का झालं आणि आतली चीर कशी होती हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे सातबारा पेटीत जपून ठेवतात. आज हे भाषण ऐकून झाल्यावर घरातल्या सुनेचं ते कार्ड कुठे आहे, तेवढं शोधून ठेवा. सापडलं नाही, तर दिवस राहायची वाट न पाहता रुग्णालयातून त्याची नक्कल मागून आणा.