शोधयंत्रांवरील चुकीची वैयक्तिक माहिती : दुरुस्तीचे मार्ग

न्यायालयाने निर्दोष ठरविलेल्या व्यक्तीचे नाव गूगल वा बिंगसारख्या शोधयंत्रावर टाकले असता अनेकदा प्रथम दिसते ती अटकेची बातमी. मुक्ततेची नोंद कोठेतरी मागे पडलेली असते. नोकरी देणारी कंपनी किंवा स्थळाची चौकशी करणारे कुटुंब तेथवर पोहोचतेच असे नाही. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाचा तपशील आपल्या नावापुढे येणे, हाही नित्याचा प्रकार आहे.

शोधयंत्र सहसा ही माहिती स्वतः लिहीत नाही. इतरांच्या संकेतस्थळांवरील मजकुराची सूची करून ते दुवे दाखविते. म्हणून दुरुस्तीची पहिली मागणी मूळ संकेतस्थळाकडेच करावी लागते. अर्जात पानाचा संपूर्ण पत्ता, नेमके चुकीचे वाक्य व वस्तुस्थिती नमूद करून निकालपत्राची प्रत जोडावी. जुनी बातमी काढून टाकण्यास वृत्तपत्रे सहसा राजी नसतात, आणि त्यामागे अभिलेख जपण्याचे सबळ कारणही असते. त्याच बातमीत पुढील निकालाची नोंद जोडण्याची मागणी अधिक रास्त ठरते. ती नाकारणे संपादकांनाही अवघड जाते.

मूळ पान सुधारल्यावरही शोधयंत्रावर जुना सारांश काही काळ टिकून राहू शकतो. अशा कालबाह्य मजकुराची फेरनोंद करण्यासाठी गूगलने स्वतंत्र सुविधा दिली आहे. नावाशेजारी दिसणाऱ्या माहितीच्या चौकटीत चूक असल्यास संबंधित व्यक्तीला ओळख पटवून बदल सुचविता येतो. दूरध्वनी क्रमांक किंवा घरचा पत्ता दिसत असल्यास तो निकालांतून वगळण्याची विनंतीही करता येते. मात्र त्यामुळे मूळ पान नष्ट होत नाही.

युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी नावाच्या शोधातून कालबाह्य दुवे वगळण्याचा हक्क मान्य केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या गोपनीयताविषयक निकालात न्या. संजय किशन कौल यांनी या हक्काचा ऊहापोह केला. तो निरंकुश नसल्याचेही स्पष्ट केले. अमली पदार्थांच्या खटल्यातून मुक्त झालेल्या एका अर्जदाराच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निकालपत्राचा दुवा शोधातून हटविण्याचा अंतरिम आदेश दिला होता.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १२ मध्ये दुरुस्ती व खोडून टाकण्याचा हक्क आहे. परंतु तो संमतीने दिलेल्या माहितीशी निगडित असल्याने इतरांनी प्रसिद्ध केलेल्या मजकुराविरुद्ध त्याचा आधार तोकडा पडतो. तेथे माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अधिक उपयोगी ठरतात. त्यांनुसार शोधयंत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याचा निर्णय अमान्य असल्यास ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.