बाळाचा रक्तदाब आणि आईच्या श्रमाचा इतिहास : सोपाऱ्यापासून वीटभट्टीपर्यंत

वसईचा इतिहास म्हटला की पाठ्यपुस्तक आपल्याकडून दोन सनावळ्या पाठ करून घेते. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. किल्ला, तोफा, तह. संपला इतिहास! पण याच तालुक्यातल्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उजेडात आणला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

हा नववा शिलालेख काय सांगतो? आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्माला येताना लोक नाना तऱ्हेचे मंगल विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल धम्माचे. आणि त्या धम्ममंगलात काय काय येते हे सांगताना अशोक दास आणि नोकरांशी नीट वागण्याची गोष्ट सांगतो. मूल सुखरूप जन्मावे म्हणून नवस-सायास नकोत, राबणाऱ्या माणसाशी नीट वागा, असा याचा आम्ही अर्थ घेतो. बावीसशे वर्षांपूर्वीच्या या विचाराला आजचे वैद्यकशास्त्र वेगळ्या वाटेने येऊन भिडले आहे. ते कसे, हेच या लेखात मांडायचे आहे. विषय आहे लहान मुलांचा रक्तदाब.

रक्तदाब हा फक्त शेठजींचा आजार आहे काय?

आपल्या वस्त्यांत एक समज पक्का आहे. बीपी म्हणजे उतारवयाचा, टेन्शनचा, नाहीतर खाऊन-पिऊन सुखी असणाऱ्यांचा आजार. लहान मुलाला कसले बीपी? हा समज खोटा आहे. रक्तदाब प्रत्येक मुलाला असतो आणि तो वयाबरोबर वाढतो. मोठ्यांसाठी १२०/८० हा आकडा सांगतात तसा मुलांसाठी एकच आकडा चालत नाही. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तो ठरवावा लागतो. मोजायला दंडाच्या मापाचा छोटा पट्टा लागतो. आणि ज्या मुलाचा दाब आपल्या वयाच्या मुलांत वरच्या बाजूला असतो, त्याचा पुढेही तसाच राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे चाळिशीत लकवा मारलेल्या माणसाची कहाणी पुष्कळदा चाळिशीत सुरू झालेली नसते.

मग ती सुरू कुठे होते? इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर या संशोधकाने अनेक दशकांनी त्या वह्या शोधल्या. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वजन कमी असलेल्या बाळांमध्ये पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, जन्मवजन कमी तर दहाव्या वर्षी आणि छत्तिसाव्या वर्षी रक्तदाब थोडा जास्त, असे दिसले. गरीब सुईणींनी लिहिलेल्या वह्यांनी वैद्यकशास्त्राची दिशा बदलली. ज्यांची नोंदच ठेवली जात नाही त्यांचा इतिहासही नसतो आणि त्यांचे औषधही नसते, हे आपण यातून शिकायला हवे.

पुण्याने काय दाखवले?

हा सगळा गोऱ्यांच्या देशातला मामला आहे, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी केली. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाचे आजचे वजन हा सगळ्यांत ठळक घटक निघाला. पण सारख्या वजनाची मुले घेतली, तर ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांचा वरचा रक्तदाब जास्त होता. सर्वांत वाईट अवस्था कोणाची? जी जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षी ज्यांच्या अंगावर चरबी जास्त होती त्यांची. आईच्या पोटात उपास आणि नंतर पाच रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर पोसणे, हा दुहेरी मार आहे.

दुसरे काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात झाले. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते आणि तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. याच खेड्यांत आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी गरोदर बायकांचे खाणे आणि कष्ट दोन्ही मोजले. ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. आणि ज्या बायका शेतात राबत होत्या, पाणी आणत होत्या, कपडे धूत होत्या, असा जड कामाचा भार ज्यांच्यावर जास्त होता, त्यांची बाळे लहान होती.

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. डोक्यावरच्या हंड्याचे ओझे पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते! महाडचे चवदार तळे हा केवळ मानाचा प्रश्न होता असे ज्यांना वाटते त्यांनी याचा विचार करावा. पाणवठा कोणाला जवळ आणि कोणाला लांब, हे या देशात जातीने ठरवले. त्या अंतराची किंमत पिढ्यान् पिढ्या बायकांच्या मानेने मोजली, आणि त्यांच्या पोटातल्या बाळांनीही.

शरीरात हे कसे घडते तेही समजून घेऊ. आपल्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक चाळण्या असतात. त्या बाळ पोटात असतानाच तयार होतात. गर्भाच्या साधारण ३६ व्या आठवड्यानंतर नवीन तयार होत नाहीत. आईला अन्न कमी पडले, बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर चाळण्या कमी राहतात. कमी चाळण्यांवर मीठ-पाण्याचा सगळा भार पडतो आणि दाब चढतो. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात मेलेल्या लोकांची मूत्रपिंडे तपासली गेली. रक्तदाबाचा त्रास असलेल्या दहा जणांत या चाळण्यांची संख्या इतर दहा जणांच्या जवळजवळ निम्मी निघाली. याशिवाय गरोदरपणी आईचा स्वतःचा रक्तदाब चढलेला असेल, तर त्या मुलांचा दाबही सरासरीने किंचित जास्त आढळतो.

हे नवे मनुशास्त्र नव्हे काय?

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. माणसाचे भवितव्य जन्मावरून ठरते, असे सांगणाऱ्या धर्मशास्त्राशी आपण दोन हजार वर्षे लढतो आहोत. आता विज्ञानही तेच सांगू लागले काय? मनूने वर्ण सांगितला, डॉक्टर वजन सांगतात?

नाही. फरक मुळातच आहे. मनूच्या व्यवस्थेत जन्माचे कारण मागच्या जन्मीचे कर्म, म्हणजे ज्याला हात लावता येत नाही असे. इथे कारण आहे भाकरी, पाणी, विश्रांती, मीठ. त्याला हात लावता येतो. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव हाच आहे. दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. पुरावा हवा असेल तर हॉलंडमधला घ्या. १९८० मध्ये तिथे ४७६ नवजात बाळांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने कमी मिठाचा आहार दिला. सहा महिन्यांनी त्या बाळांचा वरचा रक्तदाब दोन अंकांनी कमी होता. पंधरा वर्षांनी त्यातल्या काही मुलांना पुन्हा तपासले तेव्हाही फरक टिकून होता. जन्मानंतरही दिशा बदलता येते, असा याचा अर्थ.

आणखी एक इशारा. जन्मवजनामुळे पडणारा फरक एकेका मुलात थोड्याच अंकांचा असतो. लहान जन्मलेले प्रत्येक मूल आजारी पडणार, असे मुळीच नाही. पण अख्ख्या समाजाचा दाब दोन-तीन अंकांनी वर सरकला, तर हजारो माणसे लकव्याच्या रेषेपलीकडे जातात. म्हणून हा एकट्या आईचा प्रश्न नाही. ‘तिने नीट खाल्ले नाही’ असे म्हणून तिच्या माथी दोष मारणारे लोक तिच्या ताटात काय होते हे विचारत नाहीत.

बाबासाहेबांनी १९२८ साली काय मागितले?

जे बार्कर यांना १९८९ मध्ये वह्यांतून सापडले, त्याच्या राजकीय बाजूवर बाबासाहेब एकसष्ट वर्षे आधी बोलले होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. खर्चाचा भार सरकारने उचलावा, पण त्या बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, हे त्यांनी ठासून मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूती लाभ कायद्याची दुरुस्तीही त्यांनीच मांडली.

‘बाळंतपणाआधी’ या शब्दाकडे लक्ष द्या. प्रसूतीनंतरची रजा अनेकांना सुचते. आधीची विश्रांती म्हणजे पोटातल्या बाळाचा हक्क. पण तो कायदा गिरणी-कारखान्यातल्या बाईपुरता होता. शेतावरची, जंगलातली, सावकाराच्या दारातली बाई बाहेरच राहिली. आजच्या पालघर जिल्ह्याच्या भागात त्या काळी लग्नगडीची पद्धत होती. लग्नासाठी कर्ज घेतले की नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे वेठबिगार. या गुलामीविरुद्ध १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारली बांधवांनी गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या साथीने उठाव केला. त्या गड्याच्या बायकोला कसली प्रसूती रजा?

आणि आज? दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात. मजुरी हजार विटांवर आणि जोडप्याच्या नावाने, म्हणजे व्यवहारात पुरुषाच्या हातात. बाई माती कालवते, विटा वाहते, पण तिचे नाव कोणत्याही पगारपत्रकावर नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. ती विरारहून लोकलने ऑफिसला जाणाऱ्या पर्मनंट बाईला मिळते, आणि मिळालीच पाहिजे. पण नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून धुणीभांडी करणारी, नाक्यावर कामाची वाट पाहणारी आणि भट्टीवरची बाई आजही १९२९ च्या कायद्याबाहेर उभी होती तिथेच उभी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. तो देण्यासाठी २०१७ साली आणलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या मुलाला ५,००० रुपये ठरवले, आणि पुढे दुसऱ्यासाठी अट घातली ती मुलगी असण्याची. कायदा सर्वांना म्हणतो, योजना गाळणी लावते.

पाण्याचेही तेच. धामणी धरणातले सूर्या नदीचे पाणी नळातून वसई-विरारला येते. ज्यांच्या जमिनी भिजवायला तो प्रकल्प उभा राहिला, त्या आदिवासी पट्ट्यातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात.

यादीत नसलेला आजार

शेवटचा मुद्दा आपल्या जिल्ह्याच्या थेट जिव्हाळ्याचा. मुलांच्या तपासणीची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही देशव्यापी योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली ती पालघरमधूनच. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करायची आणि तीस प्रकारचे दोष-आजार शोधायचे. योजना चांगली आहे. पण त्या तीसच्या यादीत मुलांचा उच्च रक्तदाब नाही. हर्टफर्डशायरच्या सुईणींची वही आठवा. जे लिहिले जात नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी कोणी पैसे ठेवत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, वीटभट्टी, नाका आणि घरकामातल्या प्रत्येक गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत मजुरीसह विश्रांती, आणि तिचे नाव हजेरीपटावर. दोन, मातृत्व अनुदान पहिल्या मुलापुरते नको, अट नको. तीन, स्थलांतरित आईची नोंद ती जिथे काम करते तिथल्या अंगणवाडीत. चार, तिसऱ्या वर्षापासून प्रत्येक मुलाचा रक्तदाब मुलांच्या पट्ट्याने मोजून कार्डावर लिहावा.

कार्यकर्त्यांनाही एक काम आहे. १४ एप्रिलच्या जयंतीला आपण आरोग्य शिबिरे घेतो, मोठ्यांचे बीपी तपासतो, फोटो काढतो. यंदा डॉक्टरांना लहान मुलांचा पट्टा आणायला सांगा. मुलांचे जन्मवजन आईला विचारा आणि वहीत लिहा. बाळंतपणाआधी शेवटचा कामाचा दिवस कोणता होता, तेही विचारा. ‘कळा सुरू झाल्या तो’ असे उत्तर मिळाले, तर तेही लिहा. शंभर घरांची अशी वही महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली, तर तिचे उत्तर द्यावेच लागेल.

जय भीम!