कृष्णाखोऱ्यातील लहान मासे आणि काचेची टाकी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कृष्णेसह दख्खनच्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय नोंद करण्याचे श्रेय मुंबई सरकारच्या सेवेतील सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांच्याकडे जाते. त्यांचा सविस्तर निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने 1841 मध्ये छापला, आणि त्याच संस्थेने 1853 मध्ये आपल्या उद्यानात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. घरगुती टाकीत मात्र गप्पी, मॉली यांसारखे परदेशी मासेच रुळले, ही खेदाची बाब आहे, कारण एकत्र नांदणारे लहान मासे कृष्णाखोऱ्यातच आहेत.

थव्याने राहणारी खवली आणि पाण्याच्या वरच्या थरात वावरणारी दांडवण हे मासे एकमेकांना सहसा त्रास देत नाहीत, आणि तळाशी अन्न शोधणारा पट्टेदार बोटिया त्यांच्या वाटेला जात नाही. नारायण राव यांनी 1920 मध्ये वर्णिलेला हा बोटिया केवळ पश्चिम घाटात आढळतो, म्हणजेच तो प्रदेशनिष्ठ आहे. शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड आणि अधिवासाची हानी यांमुळे तो आज संकटग्रस्त ठरला आहे, म्हणून नदीतून पकडलेला बोटिया टाकीत ठेवणे समर्थनीय नाही. उलट काचेसारखा पारदर्शक ‘चंदा नामा’ लहान आणि निरुपद्रवी दिसला, तरी तो इतर माशांचे खवले कुरतडून खातो. शांत टाकीसाठी मासे निवडताना आकारापेक्षा आहाराचा विचार आधी करावा लागतो, तो यामुळेच.