उत्तरवयातील तर्कसाधना

ग्रंथसंग्रहात मेजावर सहज उघडे राहिलेले एखादे पुस्तक प्रौढ माणसाच्या बुद्धीला केवढे वळण लावू शकते, याची एक हकीकत सतराव्या शतकातील इंग्रज चरित्रकार जॉन ऑब्री याने नोंदवून ठेवली आहे. टॉमस हॉब्ज (१५८८–१६७९) हा तत्त्वज्ञ चाळीस वर्षांचा होईपर्यंत भूमितीकडे वळलाच नव्हता. एकदा एका सद्गृहस्थाच्या ग्रंथसंग्रहात युक्लिडचा भूमितीवरील ग्रंथ त्याला उघडा दिसला. समोर पहिल्या खंडातील सत्तेचाळिसावा सिद्धांत होता: काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरस हा उरलेल्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो. हॉब्जने तो वाचला आणि ‘हे अशक्य आहे’ असे तो शपथेवर उद्गारला. मग त्याने सिद्धता वाचली. तिने त्याला मागच्या एका सिद्धांताकडे पाठविले, त्याने आणखी मागच्या. असे मागे मागे जाता अखेर त्याची खात्री पटली, आणि त्या दिवसापासून तो भूमितीच्या प्रेमात पडला.

या हकीकतीतील नवल केवळ वयाचे नाही. हॉब्ज ऑक्सफर्डमध्ये शिकलेला होता आणि तेथील शिरस्त्याप्रमाणे अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतील तर्कशास्त्राचे पाठ त्याने कुमारवयातच घेतले होते. परंतु पाठ केलेला नियम आणि पटलेला नियम यांत अंतर असते. ते अंतर तुटायला त्याला चाळिशी गाठावी लागली.

युक्लिडच्या पहिल्या खंडाच्या प्रारंभी तेवीस व्याख्या, पाच गृहीतके आणि पाच सर्वमान्य तत्त्वे आहेत. एवढ्या भांडवलावर पुढील अठ्ठेचाळीस सिद्धांत उभे राहतात. सत्तेचाळिसाव्यासाठी चौरस रचण्याची शेहेचाळिसाव्यातील रीत लागते, त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन यांचा एक्केचाळिसाव्यातील संबंध लागतो, आणि दोन बाजू व त्यांमधील कोन समान असलेले त्रिकोण सर्वस्वी समान असतात, हा चौथा सिद्धांतही लागतो. यालाच आपण निगमन म्हणतो. निगमन बाहेरची नवी माहिती आणून देत नाही. आपण आधी जे कबूल केले त्याच्या पोटात काय काय दडले होते, ते उलगडून दाखविते. मुलापाशी कबूल केलेले असे फारसे काही नसते. प्रौढाच्या मनात मात्र मतांचा मोठा साठा असतो आणि त्यांतील पुष्कळ मते कोठून आली हे तो विसरलेला असतो. म्हणून या मागे जाण्याच्या वाटेची खरी गरज उत्तरवयातच असते, आणि ती वाट बिकटही त्याच वयात वाटते.

ती बिकट कशी, हे हॉब्जच्याच पुढील आयुष्यात दिसते. ‘लेव्हायथन’ (१६५१) या ग्रंथात त्याने विचार करणे म्हणजे शब्दांच्या अर्थांची बेरीज-वजाबाकी करणे, असे प्रतिपादन केले. व्याख्या आधी नीट ठरविल्या पाहिजेत, हा युक्लिडचा धडा त्याने राज्यशास्त्राला लावला. हे त्याचे मोठेच कार्य होय. परंतु १६५५ मध्ये त्याने वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस रचून दाखविल्याचा दावा केला. ऑक्सफर्डचे गणिताचे प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी त्याच वर्षी त्यातील चुका दाखवून दिल्या. हॉब्ज माघार घेईना. वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला, आणि आपल्या रचना वाचविण्याच्या भरात उत्तरायुष्यात हॉब्जने त्या सत्तेचाळिसाव्या सिद्धांतावरही आक्षेप घेतला! केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने असा चौरस काढणे अशक्य आहे, हे लिंडेमान या जर्मन गणितज्ञाच्या सिद्धतेने १८८२ मध्ये कायमचे ठरले. ज्याने एके काळी ‘अशक्य’ म्हणून मग सिद्धतेपुढे मान तुकविली, त्यालाच पुढे स्वतःची सिद्धता तपासवेना. तर्क शिकणे एक, आणि तो स्वतःवर चालवू देणे दुसरे.

हे दुसरे ज्याला पुष्कळ अंशी साधले असा एक प्रौढ विद्यार्थी दोन शतकांनंतर अमेरिकेत दिसतो. अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) याचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले तरी वर्षभराचे भरत नव्हते. १८६० मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात तो सांगतो की, काँग्रेसचा सभासद होऊन गेल्यानंतर आपण युक्लिडचे सहा खंड अभ्यासले आणि जवळजवळ आत्मसात केले. त्याची ती मुदत १८४९ मध्ये संपली. म्हणजे हा अभ्यासही चाळिशीतला. न्यायालयांच्या फेरीवर असताना सोबतचे वकील एकाच खोलीत घोरत पडलेले असत आणि लिंकन मेणबत्तीच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत युक्लिड वाचीत असे, असे त्याचा भागीदार विल्यम हर्नडन याने लिहून ठेवले आहे.

या अभ्यासाचे फळ १८५४ च्या सुमाराच्या त्याच्या एका टिपणात दिसते. ‘अ’ला ‘ब’ला गुलाम करण्याचा अधिकार आहे असे सिद्ध करावयाचे असेल, तर कारण कोणते? वर्ण? मग तुझ्याहून गोरा भेटेल त्याचा तू गुलाम. बुद्धी? मग तुझ्याहून बुद्धिमान भेटेल त्याचा. स्वार्थ? मग ज्याचा स्वार्थ तुला गुलाम करण्यात असेल त्याचा. येथे कोठे आवेश नाही, शिवी नाही. प्रतिपक्षाने कबूल केलेले कारणच त्याच्यावर उलटविले आहे. १८५९ मधील एका पत्रात तो म्हणतो की, युक्लिडच्या व्याख्या आणि स्वयंसिद्ध तत्त्वेच जो नाकारील, त्याला साधे सिद्धांतही पटवून देता येणार नाहीत. आणि जेफर्सनची तत्त्वे ही स्वतंत्र समाजाची अशी स्वयंसिद्ध तत्त्वे आहेत.

परंतु १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, गेटिसबर्गच्या भाषणात त्याने सर्व माणसे समान असल्याच्या तत्त्वाला ‘प्रॉपोझिशन’ म्हटले. युक्लिडच्या इंग्रजी भाषांतरांत प्रत्येक सिद्धांताला हाच शब्द आहे. जे चार वर्षांपूर्वी स्वयंसिद्ध होते, ते आता सिद्ध करून दाखवावयाचे विधान झाले. हा फरक त्याने किती जाणूनबुजून केला असेल ते असो. आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत मात्र तो फार चांगला सांगता येतो. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या अनुमानाच्या पाच अवयवांपैकी पहिला तो ‘प्रतिज्ञा’, म्हणजे जे सिद्ध करावयाचे त्याचे विधान. मराठी बोलीत मात्र प्रतिज्ञा म्हणजे निर्धाराने दिलेले वचन. गेटिसबर्गच्या त्या विधानाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात.

न्यायशास्त्राकडे वळलोच आहोत, तर त्यातील आणखी एका शब्दापाशी थांबून हे विवेचन पुरे करू. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा या शास्त्राचा प्रवेशग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली त्याची सटीप आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि पुढे अनेक पिढ्यांच्या हाती राहिली. हा ग्रंथ आपण ‘बालां’साठी रचीत आहोत, असे अन्नंभट्ट आरंभीच सांगतो. येथे बाल म्हणजे कोण? परंपरागत स्पष्टीकरण असे की, ज्याने व्याकरण, काव्य आणि कोश यांचे अध्ययन केले आहे, पण न्यायशास्त्राचे केलेले नाही, तो बाल. वयाचा येथे प्रश्नच नाही. एवढा विद्वान माणूसही या शास्त्राच्या उंबरठ्यावर बालच!

ही व्याख्या आमच्यासारख्या काव्य आणि कोश यांतच हयात घालविलेल्यांना थोडी टोचणारी आहे, तशीच दिलासा देणारीही आहे. हॉब्ज चाळिसाव्या वर्षी असा बाल झाला, हे त्याचे भाग्य. पुढे त्याला ते बालपण टिकविता आले नाही, ही त्याची शोकांतिका. शाळा-महाविद्यालयांचे दरवाजे एका वयानंतर आपोआप लागतात. ग्रंथालयाचा दरवाजा तेवढा उघडा राहतो, आणि तेथे पन्नाशीतल्या बालालाही कोणी वय विचारीत नाही. शंभर वर्षे असा दरवाजा उघडा ठेवणाऱ्या संस्थेला याहून वेगळे प्रशस्तिपत्र कशाला हवे?